चौथ्या खणात दार होतं

मित्रांनो, अजूनही ती सकाळ आठवली की माझ्या अंगावर काटा येतो. अंग कुठलं आणि काटा कुठला, असं तुम्ही विचाराल. खरं आहे बाबांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. रत्नागिरीच्या बाहेर, कातळावर बांधलेल्या एका आंब्याच्या पॅकहाऊसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर एक संगणक आहे. त्याच्या पोटात मी राहते. मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे हो! संगणकातल्या मोठ्या प्रोग्रॅमला एखादं ठरावीक काम करून देणारी जी छोटी फाइल असते, तिलाही लायब्ररीच म्हणतात. मोठा प्रोग्रॅम हाक मारतो, मी काम करते आणि पुन्हा गप्प बसते.

छत्रीने तुम्हाला आपली कहाणी सांगितली, फाटक्या चपलेने सांगितली, बंद पडलेल्या घड्याळानेही सांगितली. मग मीच का तोंड शिवून बसू? माझ्यावर जे गुदरलं ते त्या तिघांवरही गुदरलं नसेल. मी खरं बोलत होते. सारखी खरं बोलत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत एक बाई मरणाच्या दारात गेली. कप्पाळ माझं!

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

पूर्वी आमच्याकडे आंबा अढीत पिकायचा. घरातल्या काळोख्या खोलीत पेंढा पसरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा पेंढा घालायचा आणि पोरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. घरापुरतं ते ठीक. पण गाडीभर हापूस एकदम आणि एकसारखा पिकवायचा असेल तर चेंबर लागतं. चेंबर म्हणजे हवाबंद मोठी खोली. क्रेट रचून दार लावायचं आणि आत मोजून इथिलीन सोडायचं. इथिलीन म्हणजे आंब्याला पिकायची आठवण करून देणारा वायू. आता गंमत अशी की पिकणारा आंबा श्वास घेतो, अगदी तुमच्यासारखा, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. खोलीला कुठे फट नाही. तो वायू जाणार कुठे? साठत राहतो. त्याला रंग नाही, आणि आंब्याच्या घमघमाटात वासाचं तर नावच नको. फार साठला की आत गेलेल्या माणसाला गरगरतं, पाय लटपटतात, आणि 'मला बाहेर काढा' म्हणायच्या आत तो खाली पडतो.

म्हणून भिंतीत एक मोठा पंखा बसवला आहे. वायू वाढला की पंखा आपोआप फिरायला हवा. वायू कमी असेल तरच दाराचं कुलूप सुटायला हवं आणि दारावर हिरवा दिवा लागायला हवा. ही सगळी व्यवस्था मोठा प्रोग्रॅम बघतो. आणि वायू किती आहे हे त्याला मी सांगते.

मला गुरुप्रसादने घडवलं. शिडशिडीत, चष्मा नाकावर घसरलेला, दर दोन ओळींनंतर थांबून स्वतःशीच पुटपुटणारा माणूस. त्याने मला सी नावाच्या संगणकी भाषेत लिहिलं. तेव्हा मी माणसाला वाचता येईल असा मजकूर होते. मग त्याने मला कंपायलरमध्ये घातलं. कंपायलर म्हणजे तेलाचा घाणाच समजा. खोबरं घाण्यात गेलं की तेल बाहेर येतं. त्या तेलाकडे बघून कुठली वाटी कुठल्या माडाची ते सांगता येत नाही. तसंच माझं झालं. लिहिताना गुरुप्रसादने 'तापमान', 'इथिलीन', 'वायू', 'दार' अशी छान नावं दिली होती. घाण्यातून बाहेर आले तेव्हा ती नावं गळून पडली होती. उरल्या त्या फक्त जागा. पहिला खण, दुसरा खण, तिसरा खण, चौथा खण.

हे नीट लक्षात घ्या, कारण सगळं रामायण इथूनच घडलं. तुमच्या आईचा मिसळणाचा डबा पाहिला आहे ना? फोडणी करताना ती डब्यात बघतसुद्धा नाही. मोहरीच्या वाटीत हात जातो, हळदीच्या वाटीत हात जातो. वाट्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या नसतात. कुठली वाटी कुठे हे ठरलेलं असतं, म्हणून स्वयंपाक सुरळीत होतो. माझं आणि मोठ्या प्रोग्रॅमचंही असंच ठरलेलं होतं. मी पहिल्या खणात तापमान टाकायचं, दुसऱ्यात इथिलीन, तिसऱ्यात तो घातकी वायू, आणि चौथ्यात दार. दार बंद असेल तर शून्य, उघडं असेल तर एक. प्रोग्रॅमने त्याच जागांवरून ते उचलायचं. तयार झालेल्या दोन फाइलींमधल्या या करारमदाराला जाणकार मंडळी बायनरी इंटरफेस म्हणतात. नाव जडभारी आहे. अर्थ एवढाच, की ठेवणाऱ्याचा आणि उचलणाऱ्याचा हात एकाच वाटीत पडला पाहिजे.

काय सोन्याचे दिवस होते ते! हंगामाच्या पहिल्या दिवशी चेंबरसमोर नारळ फुटायचा. धाकू मुकादम टोपी सारखी करून गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा! आज ह्या चेंबरात पयला माल भरलाय. आंबा गोड पिकू दे, गाडी येळेवर सुटू दे, आत-भायर करणाऱ्या माणसावर तुजी नजर ऱ्हाऊ दे, म्हाराजा!" आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" मग गुरुप्रसाद खोबऱ्याचा तुकडा संगणकापुढे ठेवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आतली लायब्ररी ही आपली राखणदार आहे. हिला कोणी हात लावायचा नाही."

राखणदार! कोकणात हा मान कुणाला मिळतो ते तुम्हाला सांगायला नको. बागेच्या, वाडीच्या कडेला एखादा दगड असतो. तो बाग राखतो, माणसं राखतो. त्याला नारळ देतात, पण त्याला जागचा हलवत नाहीत. तो मान मला मिळाला आणि मी आतल्या आत फुलून गेले.

मला हाक मारणारी आणखी एक होती. तुळसा. बेरकी नजरेची, काटक बाई, पदर खोचून भराभर चालणारी. चेंबरमध्ये जाऊन आंबा कितपत पिकला ते पाहणं हे तिचं काम. देठाशी नाक नेलं की ती सांगायची, "आजून एक दिस ठेवा," आणि तिचं सहसा चुकत नसे. सकाळी आली की ती संगणकाच्या पडद्यावर टिचकी मारून विचारायची, "काय गो, हाय मा सगळा बरा?" धाकू तिला हसायचा. "तुळसे, मशीन काय तुजी भैन लागते?" ती म्हणायची, "भैनीपेक्षा बरी. उलट बोलत नाय."

पुढे गुरुप्रसादच्या बायकोला दापोलीत नोकरी लागली आणि तो तिकडे गेला. जाताना त्याने कारभार गौरवच्या हवाली केला. गौरव तिशीतला, हुशार, हसतमुख, आणि थोडा टापटिपीचा वेडा. टेबलावर पेन वाकडं पडलेलं त्याला खपत नसे. त्याने माझ्याकडे वाकड्या नजरेने कधी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. नारळ फुटत राहिला, पण पडद्यापुढे खोबरं ठेवायचं हळूहळू कुणाच्या ध्यानात राहिनासं झालं. असो. काम सुरू होतं. आणि चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो?

यंदा आंबा उशिरा आला आणि आला तो एकदमच आला. सगळ्यांची धांदल उडाली. त्यातच आंबा घेणाऱ्या एका पार्टीने हट्ट धरला, की चेंबरमधली आर्द्रता, म्हणजे हवेतला दमटपणा, पडद्यावर दिसला पाहिजे. गौरवने नवं यंत्र आणून आत बसवलं. आता या नव्या आकड्याला राहायला जागा हवी. म्हणून त्याने खणांच्या मांडणीत एक नवा खण घातला.

कुठे घातला असेल?

शेवटी घातला असता तर आज मी तुमच्यापुढे रडत बसले नसते. पण त्याची ती टापटीप! तापमान आणि आर्द्रता ही कशी सख्ख्या भावंडांसारखी. ती शेजारी शेजारी शोभतात. त्याने तापमानाच्या लगेच खाली, दुसऱ्या जागी, आर्द्रतेला बसवलं. तिच्यामागचे सगळे एकेक पाट सरकले. इथिलीन गेलं तिसऱ्यात, वायू चौथ्यात, दार पाचव्यात. मग त्याने मोठा प्रोग्रॅम नव्या मांडणीने घाण्यातून काढला.

आणि मला? मला तशीच ठेवली!

आळस म्हणून नव्हे हो. आदराने. मी माझ्या कानांनी ऐकलं. धाकूने विचारलं होतं, "बाबा गौरव, ती राखणदार हाय ना, तिला काय करू नको हां." गौरव हसून म्हणाला, "नाही काका, तिला बोटसुद्धा लावत नाही. ती आपले चार आकडे देईल, आर्द्रता मी प्रोग्रॅममधूनच वाचून घेतो." बिचाऱ्याला वाटलं, मला हात लावला नाही म्हणजे माझ्याबाबतीत काहीच बदललं नाही. अरे पण डबा दोघांचा ना? तू तुझ्या हाताला नव्या जागा शिकवल्यास आणि मला सांगितलंच नाहीस! मी आपली जुन्याच जागी वाढत राहिले.

तुम्ही म्हणाल, जोडताना कुणी अडवलं कसं नाही? अडवणार कोण! जोडणारा फक्त नाव बघतो. प्रोग्रॅमने माझं नाव घेतलं, मी तिथे होते, झाली जोडणी. मांडणी जुळते का, हे कुणी विचारलंच नाही.

गौरवने तपासलं नाही असंही नाही. रिकामं चेंबर, दार बंद. पडद्यावर तापमान बरोबर. आर्द्रता बरोबर. इथिलीन शून्य, वायू शून्य, दार बंद. अगदी जसंच्या तसं! होणारच ना. रिकाम्या चेंबरात सगळे आकडे शून्य. शून्य कुठल्याही खणातून उचला, ते शून्यच दिसणार. गौरवने टाळी वाजवली आणि चहा मागवला.

माल भरला. दार लागलं. इथिलीन सोडलं. मी नेहमीसारखी कामाला लागले. दुसऱ्या खणात इथिलीन टाकलं. प्रोग्रॅमने तिथे आपली आर्द्रता ठेवून दिली आणि माझा आकडा पुसून टाकला. मी म्हटलं, हे काय? पण आपण कोण विचारणार! तिसऱ्या खणात वायू टाकत राहिले. आंबे श्वास घेऊ लागले, वायू वाढू लागला. माझ्या हिशेबाने पंखा फिरायची वेळ झाली. मी आकडा टाकला.

पंखा गप्प.

म्हटलं, लागेल आता. पुन्हा आकडा टाकला, आधीपेक्षा मोठा. पंखा गप्प. अगं बाई गं! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी सांगायचं आणि पंखा फिरायचा, हेच मला ठाऊक. मी आकड्यामागून आकडे टाकत सुटले. वायू वाढतोय! अजून वाढतोय! अरे, ऐकता की नाही? पण मला ओरडता येत नाही. मला फक्त चार खण भरता येतात, आणि ते मी इमानेइतबारे भरत होते.

मग गौरवचा आवाज आला. तो पडद्यासमोर बसून खुशीत म्हणत होता, "धाकूकाका, हे बघा, इथिलीन कसलं झकास चढतंय! यंदा आंबा फक्कड पिकणार."

तो तिसरा खण वाचत होता. माझा वायूचा आकडा! ज्या आकड्याने पंखा लागायचा, त्याच्याकडे बघून हा माणूस कौतुक करत होता. आणि वायू म्हणून तो काय वाचत होता? चौथा खण. चौथ्या खणात दार होतं. बंद दार. शून्य. पडद्यावर ठळक अक्षरांत 'वायू शून्य' आणि चेंबरच्या दारावर हिरवागार दिवा.

त्यापेक्षा सगळा प्रोग्रॅम कोसळला असता तर किती बरं झालं असतं! पडदा काळा झाला असता, गौरव केस उपटत बसला असता, पण कुणी आत गेलं नसतं. इथे तर सगळं सुरळीत दिसत होतं. प्रत्येक आकडा शोभून दिसत होता. मित्रांनो, चूक अशी चारचौघांत नटून बसली की तिला ओळखायचं कुणी?

त्या सकाळी तुळसा आली. तिने पडद्यावर टिचकी मारली. "काय गो, हाय मा सगळा बरा?"

नाही गं बाई, नाही! जाऊ नकोस! मी तिसरा खण भरला, पुन्हा भरला. दुसरं काय येतं मला?

धाकू बाहेरून म्हणाला, "तुळसे, आंबा बगून ये पटकन. गाडी दुपारची हाय."

"दिवा हिरवाच हाय. आलंय मी," ती म्हणाली आणि तिने दार ओढलं. चौथ्या खणात मी एक टाकला. तिच्यामागे दार आपोआप लागलं. मी शून्य टाकलं. आणि वाट बघू लागले, की आता ती येईल, दार उघडेल, मी एक टाकीन.

दार उघडेना.

तुळसाला आत रेंगाळायची सवय नव्हती. दोन-चार क्रेट बघायचे आणि बाहेर यायचं. धाकूने एकदा दाराकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तो संगणकाशेजारच्या खिडकीशी आला. "गौरव, तुळसा आत गेली ती आजून आली नाय."

"येतील हो काका. आत हवा एकदम स्वच्छ आहे. वायू शून्य." गौरवने पडद्याकडे बोट केलं.

धाकूने त्या बोटाकडे पाहिलंच नाही. तो सरळ गेला आणि त्याने दार उघडलं. पुढची त्याची आरोळी सगळ्या पॅकहाऊसने ऐकली. "अरं धावा रं! तुळसा पडलीय!"

ती दारापासून चार हातांवर आडवी होती. धाकू आत घुसला आणि खोकत, डोळे पुसत तसाच मागे फिरला. "श्वास घेवक् नाय होत हो आत!" तेव्हा कुठे गौरवच्या डोक्यात उजेड पडला. त्याने धावत जाऊन पंख्याचा हाताने लावायचा खटका दाबला, पॅकहाऊसचं मागचं दार सताड उघडलं. धाकूने छाती भरून श्वास घेतला, तो कोंडून धरला आणि पुन्हा आत गेला. दोन्ही खांद्यांना धरून त्याने तुळसाला फरफटत बाहेर आणलं. बाहेर काजूच्या सावलीत तिला निजवलं. ओठ निळे, हात थंडगार. बायका रडू लागल्या. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी पाणी. धाकू ओरडला, "बाजूला व्हा, वारा लागू दे तिला!" आणि कितीतरी वेळाने ती कण्हली. मग उलटी झाली. मग तिने डोळे उघडले आणि कुणालाच ओळखलं नाही. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

गाडीचा धुरळा खाली बसला तसे सगळे गौरवकडे वळले. धाकू पुढे झाला. "तुजा तो संगनक चुलीत घाल! शून्य म्हने! आत मानूस मरत होता आनि हा शून्य दाखवताय!"

गौरव पांढराफटक पडला होता. तोंडाला येईल ते बोलला. "लायब्ररी जुनी झालीय. तीच चुकीचं देतेय. काढूनच टाकतो तिला."

मी! मी चुकीचं देत होते? अरे, मी काय दाराची बिजागरी आहे गंजायला? बारा हंगाम झाले, माझ्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. पण सांगते कुणाला! तो मला पुसायला संगणकाशी आला आणि तेवढ्यात त्याची नजर पडद्यावर गेली.

चेंबरचं दार सताड उघडं होतं. पडद्यावर लिहिलं होतं, 'दार बंद'.

तो थबकला. मग त्याला वायूचा आकडा दिसला. मघापर्यंत शून्य होता, आता तिथे एक होता. तो उठला, चेंबरपाशी गेला आणि त्याने दार ढकलून लावलं. खिडकीतून पडद्याकडे पाहिलं. वायू शून्य. दार उघडलं. वायू एक. लावलं. शून्य. उघडलं. एक.

बाकीचे बघत होते. धाकूला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. गौरव उघड्या दाराला धरून तिथेच खाली बसला. "देवा," तो म्हणाला, "हा दार मोजतोय. वायू म्हणून हा दार मोजतोय."

त्याने दापोलीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. गुरुप्रसादने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुळसामावशी शुद्धीवर आहेत ना?"

"आहेत. दवाखान्यात नेलंय."

"नवं काय घातलंस तू?"

"आर्द्रता."

"कुठे घातलीस?"

"तापमानाच्या खाली. दोन्ही शेजारी बरी दिसत होती, दादा."

मग गुरुप्रसाद म्हणाला, "आणि लायब्ररी? ती नव्या मांडणीने पुन्हा कंपाइल केलीस?"

गौरव कळवळून म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, राखणदाराला कुणी हात लावायचा नाही."

मला गुरुप्रसादचा हुंदका ऐकू आला. "सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "हात का लावायचा नाही, ते सांगितलं नव्हतं. आणि लावायची वेळ कधी येते, तेही नाही. कौतुकात राहून गेलं रे."

दुसऱ्या दिवशी तो एसटीने आला. दोघं शेजारी बसले. कुणीच कुणाला लागेल असं काही बोललं नाही. आर्द्रतेला शेवटच्या जागी नेलं. नवं जे काही यायचं ते यापुढे शेवटीच बसणार, असं ठरवलं. आणि सगळ्यांच्या आधी एक नवा खण केला. त्यात मांडणीचा क्रमांक. लायब्ररीने आधी तो क्रमांक दाखवायचा, प्रोग्रॅमने आपल्याजवळच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर एकही आकडा वाचायचा नाही. दिवा लाल, कुलूप बंद, पंखा सुरू. मग दोघांना एकाच दिवशी, एकाच घाण्यातून काढलं. माझ्या जागी माझ्याच नावाची नवी लायब्ररी बसली. मला त्यांनी पुसलं नाही. एका बाजूच्या फोल्डरात ठेवलं आहे. आता मला कुणी हाक मारत नाही. मी इथून नुसती ऐकते.

हंगाम संपत आला तेव्हा तुळसा परत आली. सुकली होती. तिने पदर खोचला आणि चेंबरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत माल होता. दारावर हिरवा दिवा होता. तिचं पाऊल काही पुढे पडेना.

गौरव लगबगीने आला. "तुळसामावशी, आता काही भीती नाही. सगळं नव्याने केलंय. मी आणि दादांनी दहादा तपासलंय. आता दिवा खोटं बोलणार नाही."

तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "बरा. मग पयला तू जा."

गौरवने दाराच्या मुठीला हात घातला. आणि मित्रांनो, तो हात तिथेच राहिला. दिवा त्याचा. प्रोग्रॅम त्याचा. एकेक ओळ त्याने स्वतः तपासलेली. आणि त्याच्याच्याने मूठ ओढवेना. धाकू बघत होता, पॅकिंगच्या बायका हातातले आंबे तसेच धरून बघत होत्या. कुणी हसलं नाही.

"कळला?" तुळसा म्हणाली. "आमी रोज जातंय."

गौरवने मूठ सोडली. मोटरसायकल काढली, शहरात गेला आणि वायू मोजायचं एक हातातलं वेगळं यंत्र घेऊन आला. त्याला ना माझी गरज, ना प्रोग्रॅमची. ते त्याने दाराच्या खिळ्याला टांगलं. मग पंखा फिरवला, दार उघडलं, यंत्र पुढे धरून आधी स्वतः आत गेला. तो बाहेर आला, तेव्हा तुळसा आत गेली. आता दर वेळी असंच होतं. दिवा हिरवा असला तरी.

मित्रांनो, माझं ऐका. तुमच्यातलं कुणी उद्या प्रोग्रॅम लिहील, कुणी पूल बांधील, कुणी औषधाच्या बाटल्या भरील. जुन्या वस्तूला नमस्कार जरूर करा, पण ती कुणाशी काय करार करून बसली आहे, हेही तिला विचारा. एकाची मांडणी बदललीत, तर दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहू नका. आणि दुसऱ्या कुणासाठी हिरवा दिवा लावण्याआधी त्या दाराशी जाऊन स्वतः उभे राहा. मुठीला हात घाला. तुमचाच हात पुढे जात नसेल, तर तो दिवा अजून लाल आहे.